छत्तीस कोपरे

मी चादरी चोरल्या होत्या. छत्तीस. हा आकडा आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या आकड्यावरच अडलं आणि त्यानंच सुटलं.

लोणावळ्याच्या बाहेर, डोंगराच्या उतारावर एक रिसॉर्ट आहे. तिथे अकरा वर्षं मी लिनन रूम सांभाळत होते. चादरी, अभ्रे, टॉवेल, पायपुसणी ठेवायची खोली. धुणं बाहेरच्या लॉन्ड्रीला जायचं. रोज सकाळी लॉन्ड्रीचा टेम्पो यायचा, मळकं न्यायचा, धुतलेलं टाकून जायचा. नवी चादर आली की तिच्या एका कोपऱ्यावर न पुसणाऱ्या निळ्या शाईनं आकडा घालायचा, हे काम माझं. त्या रिसॉर्टमधल्या प्रत्येक चादरीवर माझं अक्षर होतं म्हणा ना.

चादर विरली, डाग पडला, फाटली, की ती कंडम. सहा महिन्यांनी एकदा सुपरवायझर अशा चादरी बाजूला काढायचा आणि मी कात्रीनं त्यांचा आकड्याचा कोपरा कापायची. कोपरा नसलेली चादर चुकूनही पुन्हा पलंगावर जाऊ नये, म्हणून ही पद्धत. कापलेले कोपरे बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे, रजिस्टरला नोंद करायची. कोपरा कापलेल्या चादरींतल्या काही फरशी पुसायला जायच्या, उरलेल्या आम्हा बायकांना वाटून देत. हॉटेलची चादर जाड सुताची. आत तीन चादरी घातल्या आणि वरून खालून जुनी लुगडी लावली की गोधडी अशी होते की पवना धरणावरच्या वाऱ्यालाही ऐकत नाही.

दुधिवरे खिंडीच्या अलीकडच्या आमच्या आळीत आम्ही सहाजणी या गोधड्या शिवायचो. आधी घरापुरत्या, मग विकायलाही. धरणाच्या काठानं तंबूंचे कॅम्प वाढले तशी मागणी वाढली. एका कॅम्पवाल्यानं बारा गोधड्या सांगितल्या. मी अर्धे पैसे आधीच घेतले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचा शब्द दिला. दिल्यावर लक्षात आलं की घरात कंडम चादर एकही शिल्लक नाही आणि पुढची वाटणी दिवाळीला.

मला फार गरज होती असं मी लिहिणार नाही. मुलीची फी भरलेली होती. नवऱ्याचा तळेगावच्या कारखान्यातला पगार वेळेवर होत होता. मी शब्द दिला होता आणि तो मोडायची लाज वाटली. चोरीची नाही वाटली. मनात हिशेब असा केला, की या चादरी आज ना उद्या कंडम होणारच, मग आपल्यालाच मिळणार, आपण थोड्या आधी नेतोय. अकरा वर्षं कात्री लागली की चादर आपली, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कात्रीच चादरीचा मालक बदलते असं मला वाटायला लागलं होतं. नऊ दिवस मी रोज चार चादरी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून नेल्या. त्याही नव्या गठ्ठ्यातल्या, एकदाही पलंगावर न पडलेल्या. प्रत्येकीचा कोपरा नीट कापला आणि हाताच्या सवयीनं पत्र्याच्या डब्यात टाकला.

म्हणजे चोरी केली, आणि तिची पावती स्वतःच्या हातानं मालकाच्या डब्यात ठेवली.

नवीन मॅनेजर आला तो मोजणारा निघाला. आल्या आल्या त्यानं कपाटं रिकामी करायला लावली. चादरी दोनशे चौदा कमी भरल्या. मग त्यानं तो डबा टेबलावर उपडा केला.

"बाई, रजिस्टरला एकाहत्तर चादरी कंडम आहेत. डब्यात कोपरे एकशे सात. हे छत्तीस कुठले?"

नोंद करायची राहिली, असं म्हटलं असतं तर कदाचित खपलंही असतं. पण खोटं बोलायला तयारी लागते आणि माझी ती नव्हती.

"त्या मी नेल्या. गोधड्यांना."

"आणि बाकीच्या एकशे अठ्ठ्याहत्तर?"

"त्यांचं मला माहीत नाही."

तो वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला सौम्य. शांतपणे म्हणाला, "छत्तीस नेणारी बाई दोनशे चौदा नेणार नाही, हे मी मालकांना कसं पटवू? तुम्हीच सांगा. कोपरे छत्तीस आहेत म्हणजे कापलेल्या छत्तीस. बाकीच्या तुम्ही न कापता नेल्या असतील. त्याच गोधड्यांत असतील."

प्रश्न चोख होता.

दुपारी स्टॅम्प पेपर टाइप होऊन आला. मी वेळोवेळी एकूण दोनशे चौदा चादरी चोरल्या, त्यांची किंमत एक लाख एकोणचाळीस हजार शंभर रुपये मला मान्य आहे, दरमहा तीन हजारांनी ती फेडीन. खाली माझ्या नावापुढे सहीसाठी टिंबं. पुढच्या गुरुवारपर्यंत कामावर यायचं नाही. गुरुवारी सही केली तर पोलिसांत जाणार नाही. नाही केली तर तक्रारीचा अर्जही टाइप करून ठेवलाय, तो त्यानं मला दाखवला. दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये होते.

घरी नवरा म्हणाला, "सही करून टाक. आळीत कळायच्या आत मिटव."

"चार वर्षं महिन्याला तीन हजार?"

"पोलीस दारात आले तर काय करायचं? माझ्या कंपनीत काय तोंड दाखवू?"

"छत्तीसची सही मी आत्ता करते. बाकीच्या ज्यानं नेल्या त्यानं त्याची सही करावी."

जेवल्यावर त्यानं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं, म्हणजे घाबरला होता.

शुक्रवारी मी वडगावच्या कोर्टात गेले. तिथे पैसे न घेता सल्ला देणारे वकील बसतात, हे बचत गटाच्या मीटिंगमध्ये कधीतरी ऐकलं होतं. एक पांढऱ्या केसांच्या वकीलबाई होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"रडायला आलात का?"

"नाही."

"बरं झालं. मग काम होईल. किती नेल्या?"

"छत्तीस."

"नक्की? माझ्याशी घासाघीस नको. पस्तीस नाही, सदतीस नाही?"

"छत्तीस. कोपरे आहेत त्यांच्या डब्यात."

"मग ऐका. या कागदावर सही केलीत तर ती दोनशे चौदा चादरींची तुमच्या हातची कबुली. ते म्हणतायत पोलिसांत जाणार नाही. उद्या शब्द फिरवून गेले, तर गुन्हा मान्य आहे म्हणूनच ही बाई पैसे भरते, असं म्हणायला मोकळे."

"आणि छत्तीसचं काय?"

"त्या चोरल्यात तुम्ही. नोकरानं मालकाची वस्तू चोरली तर कायदा ते साध्या चोरीपेक्षा जड धरतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे भरले म्हणून गुन्हा घडलाच नाही असं होत नाही. पण वस्तू परत दिली, किंमत भरली आणि मालक राजी असला, तर कोर्टाच्या परवानगीनं मिटवता येतं. परवानगीनं म्हटलं मी. मागितली की मिळते असं नाही."

पाण्याची बाटली पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "स्वतः काही लिहून देऊ नका. मी लिहीन, तुम्ही वाचाल, मग सही. जे केलंत ते पूर्ण मान्य. जे केलं नाहीत, त्यातली एक चादरसुद्धा मान्य नाही. आणि वस्तू जिथे असेल तिथून आधी गोळा करा. आता कुठे आहेत चादरी?"

"तंबूंमध्ये. पवनेच्या काठावर."

"मग इथे काय बसलात?"

शनिवार-रविवार कॅम्प भरलेला असतो. सोमवारी सकाळी मी पवनानगरची जीप धरली. बचत गटातून काढलेले गोधड्यांचे पैसे कमरेला होते. कॅम्पवाला असेल तिशीचा. घरच्या जमिनीच्या तुकड्यावरच त्यानं तंबू टाकलेत. अंगणात तो दात घासत उभा होता.

"मावशी, येवढ्या सकाळी? अजून गोधड्या आणल्या का काय?"

"न्यायला आलेय. बाराच्या बारा."

"आँ? इकल्यात तुमी मला! रोख मोजून घेतलेत."

"पैसे परत देते. त्यांच्या आत चोरीच्या चादरी आहेत. मी चोरलेल्या."

त्यानं चूळ भरली, थुंकला, परत माझ्याकडे पाहिलं. "मावशी, आसं सकाळच्या पारी सांगत्यात व्हय कुणाला? माणसाला च्या तर पिऊ द्या."

चहा झाला. मी का आले ते त्याला सगळं सांगितलं. तो कुरकुरला, पैसे घेतले आणि तंबूतंबूतून गोधड्या काढून देऊ लागला. ओसरीवर मळक्या चादरींचा ढीग पडला होता, लॉन्ड्रीच्या टेम्पोची वाट बघत. पहिली गोधडी मी त्या ढिगावर टाकली. टाकताना एका चादरीचा कोपरा वर आला. त्यावर निळ्या शाईचा आकडा होता.

इंग्रजी सात मी मधोमध आडवी रेघ मारून काढते. घाईत एक आणि सात सारखे दिसू नयेत म्हणून. त्या कोपऱ्यावर दोन सात होते आणि दोघांनाही आडवी रेघ होती.

मी खाली बसले. ढीग उपसायला लागले. एक, दोन, पाच, अकरा. सगळे कोपरे शाबूत, सगळ्यांवर माझं अक्षर. चहाचा कप हातात घेऊन कॅम्पवाला माझ्यासमोर उभा राहिला.

"काय शोधताय?"

"या चादरी तुझ्याकडे कशा?"

"लॉन्ड्रीवाला देतोय की भाड्यानं. शुक्रवारी टाकतो, सोमवारी उचलतो. सगळ्याच कॅम्पवाल्यांना देतो. का?"

"या आमच्या रिसॉर्टच्या आहेत."

त्या ढिगात अठ्ठावन्न निघाल्या. एका ओसरीवर अठ्ठावन्न. रोजच्या टेम्पोत दहा-बारा चादरी 'उद्या देतो' म्हणून राहायच्या. दुसऱ्या दिवशी कालच्या आल्या की नव्या राहिल्या, हे कुणी पाहत नव्हतं. माझी खोली, माझं काम, आणि मीही पाहत नव्हते. ही चूक मी वकीलबाईंनाही नंतर सांगितली. त्या म्हणाल्या, हा गुन्हा नाही, हा निष्काळजीपणा आहे, त्याची शिक्षा तुम्ही भोगताय.

कॅम्पवाल्याचा चेहरा उतरला. "मंग मी बी चोर झालो का काय?"

"भाडं कसं देतोस?"

"मोबाईलवरनं. दर सोमवारी."

"मग तुझ्याकडे पुरावा आहे. माझ्याकडे नुसत्या गोधड्या. गुरुवारी माझ्याबरोबर रिसॉर्टला चल."

"मला न्हाई पडायचं ह्याच्यात. शिजन हाय, मावशी. लोकं काय म्हंतील?"

"पोलीस इथे आल्यावर सांगणार, की आधी स्वतः येऊन? आधी येतो तो साक्षीदार असतो. नंतर सापडतो तो..."

"बास, बास. कळलं." त्यानं कप पालथा घातला. "लय वंगाळ बाई हाय तुमी. गाडी कितीला आणू?"

हे साक्षीदाराचं मला वकीलबाईंनी सांगितलेलं नव्हतं. मीच जुळवलं. पुढे त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, साधारण बरोबर आहे.

आलेला टेम्पो त्यानं धुणं तयार नाही म्हणून रिकामा परत पाठवला. अठ्ठावन्न चादरी आम्ही त्याच्या खोलीत कुलपात ठेवल्या. मी गोधड्या जीपच्या टपावर बांधून घरी आणल्या आणि आळीतल्या पाचजणींना बोलावलं. आता लपवायला काही राहिलं नव्हतं, म्हणून सगळं सांगितलं. आमच्यातली सगळ्यात म्हातारी, जिला सगळी आळी आत्या म्हणते, तिनं गोधडीवर हात फिरवला.

"माजा टाका उसवायला मलाच बलिवती व्हय गं? बत्तीस दिस बसले हुते ह्यावर."

"आत्या, तुझा टाका तुझ्याशिवाय कुणाला उसवणार? दुसरीनं ओढला तर चादर फाटेल."

"आन् आमाला सांगितलंस कंडमच्या हायत म्हून." तिनं एवढंच म्हटलं. गुरुवारी मात्र पाचहीजणी ब्लेडं घेऊन माझ्याआधी नाक्यावर उभ्या होत्या.

रिसॉर्टच्या मागच्या अंगणात, जिथे पूर्वी चादरी वाळत घालायचे त्या तारा अजून आहेत, तिथे आम्ही बारा गोधड्या मांडल्या. मॅनेजर फोल्डर घेऊन आला.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही म्हणालात बाकीच्या चादरी यातच असतील. उसवून बघू. कोपऱ्यांचा डबा आणा."

"बाई, सही करायची की नाही एवढंच ठरलं होतं."

"किती चादरींची, ते ठरवायला बसलोय. डबा आणा साहेब. तुमच्याच ताब्यात आहे, मी हात लावलेला नाही."

तो डबा घेऊन आला. स्वतः नोंदी बघून एकाहत्तर कोपरे वेगळे काढले, छत्तीस उरले. आम्ही सहाजणी उन्हात बसलो आणि टाके उसवायला लागलो. गोधडी शिवताना बायका बोलतात, गातात, भांडतात. उसवताना ब्लेडची करकर तेवढी ऐकू येत होती. पहिल्या गोधडीतून तीन चादरी निघाल्या. तिघींचाही एक कोपरा गायब.

"बघा जुळतोय का," मी म्हणाले.

कात्रीचा घाव प्रत्येक वेळी वेगळा बसतो. कुठे तिरपा, कुठे दातेरी, कुठे एखादा दोरा लोंबतो. त्यानं उभ्यानंच एक कोपरा लावून पाहिला. जुळला नाही. दुसरा. तोही नाही. मग तो उकिडवा बसला, पँटच्या इस्त्रीची पर्वा न करता, आणि छत्तीस कोपरे समोर पसरले. सातवा की आठवा कोपरा चादरीला असा बसला की कापलंय कुठे ते दिसेना.

"हितला नंबर किती?" आत्यानं विचारलं.

त्यानं वाचला.

"ल्ह्या मंग. बघत काय बसला?"

आणि तो लिहायला लागला. चौथ्या गोधडीनंतर तो आमच्याकडे बघेनासा झाला, नुसते कोपरे लावत सुटला. जुळला की 'हा' म्हणायचा. स्वयंपाकघरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. बाराव्या गोधडीतून शेवटच्या तीन चादरी निघाल्या आणि त्याच्यासमोर तीनच कोपरे उरले होते. त्यानं ते लावले. तिन्ही बसले. गोधड्यांत दुसरं काही नव्हतं, लुगडी सोडली तर.

"छत्तीस," तो म्हणाला.

"छत्तीस," मी म्हणाले.

"पण याचा अर्थ बाकीच्या तुम्ही दुसरीकडे..."

"थांबा. बाहेर एक गाडी उभी आहे."

कॅम्पवाला गाठोडं डोक्यावर घेऊन आत आला. तारांखाली ते सोडलं आणि पहिल्यांदा मोबाईल पुढे केला. "सायेब, हे बघा. दर सोमवारचं भाडं. लॉन्ड्रीवाल्याला. माझ्याकडं लपवायला काय बी न्हाई. मी सोताहून आलोय, तेवढं ध्यानात ठेवा."

मॅनेजरनं वरची चादर उचलली, कोपरा पाहिला. मग दुसरी. मग तो माझ्याकडे वळला. "हे अक्षर तुमचं?"

"सगळ्या चादरींवर माझंच आहे. सातला रेघ बघा."

"किती कॅम्पांना देतो तो?"

"ते मला काय ठावं?" कॅम्पवाला म्हणाला. "धरणाच्या काठानं हिंडा आन् मोजा."

मॅनेजरनं बराच वेळ मालकांशी फोनवर बोलून घेतलं, आमच्यापासून लांब, फुलांच्या वाफ्याजवळ. परत आला तेव्हा हातात तो स्टॅम्प पेपर होता. तो फाडायला लागला.

"फाडू नका," मी म्हणाले. "आडवी रेघ मारा, रद्द लिहा, सही करा, तारीख घाला. आणि मला झेरॉक्स द्या."

तो हसला. त्या आठ दिवसांत पहिल्यांदा. "अकरा वर्षं तुम्ही असं काम केलं असतं तर माझी एक चादर गेली नसती."

"छत्तीस गेल्याच असत्या," मी म्हणाले. हे बोलायची गरज नव्हती. पण आत्या मागून इतक्या मोठ्यानं हसली की बरं वाटलं.

वकीलबाईंनी लिहिलेला कागद मग मी पिशवीतून काढला. छत्तीस चादरी, तारखा, एकेकीची नव्या चादरीची किंमत, एकूण तेवीस हजार चारशे. वापरलेल्या चादरीची किंमत लावा, असं आमच्यातल्या एकीनं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. नेल्या तेव्हा त्यांची घडीही मोडलेली नव्हती. त्या कागदावर मी पूर्ण सही केली, आडनावासकट.

इतक्यावर सगळं मिटलं नाही. मिटणारही नव्हतं. लॉन्ड्रीवर तक्रार करायची तर चादरी कुठे कुठे गेल्या ते सगळं पोलिसांना सांगावं लागणार, आणि त्यात मी आलेच. तक्रार झाली. माझ्या नावापुढे छत्तीस लिहिलं गेलं, त्याहून एकही जास्त नाही. पोलीस ठाण्यातून नोटीस आली, मी प्रत्येक तारखेला गेले. हवालदारबाईंनी जबाब वाचून दाखवला तेव्हा 'अंदाजे छत्तीस' असं होतं. अंदाजे मी खोडायला लावलं. लॉन्ड्रीवाल्याचा खटला वेगळा आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथे होईल. काठावरच्या कॅम्पांतून रिसॉर्टच्या आणखी पुष्कळ चादरी निघाल्या, एवढं मला माहीत आहे.

नोकरी गेली. जायलाच हवी होती. त्या मॅनेजरच्या जागी मी असते तर मीही ठेवली नसती. नऊ महिने मी दर महिन्याच्या पाच तारखेला रिसॉर्टच्या गेटवर गेले, दोन हजार सहाशे भरले आणि शिक्क्याची पावती घेतली. वॉचमन पहिल्या महिन्यात नजर चुकवायचा. तिसऱ्या महिन्यापासून खुर्ची द्यायला लागला. नवव्या पावतीवर 'संपूर्ण रक्कम पोचली' असं लिहून घेतलं.

मग दोन्ही बाजूंनी वडगावच्या कोर्टात अर्ज केला. वकीलबाईंनी बजावलं होतं, न्यायाधीश विचारतील तेवढंच सांगायचं. न्यायाधीशांनी रिसॉर्टच्या माणसाला विचारलं, तडजोड स्वखुशीनं आहे ना. तो हो म्हणाला. मग कागद उलटत मला विचारलं, "किती चादरी होत्या?"

"छत्तीस," मी म्हणाले. आवाज जरा मोठा लागला असावा, कारण मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परवानगीची सही केली.

बाहेर नवरा झाडाखाली उभा होता. त्यानं कारखान्यात सुट्टी घेतली होती आणि सुट्टीच्या अर्जावर खरं कारण लिहिलं होतं, हे त्यानं मला तिथे सांगितलं. मी त्याला वडापाव घेऊन दिला.

किंमत पूर्ण भरली म्हणून रिसॉर्टनं त्या छत्तीस चादरी मला देऊन टाकल्या. या वेळी त्या खरोखर माझ्या होत्या, आणि कोपरे नसले तरी काही बिघडत नव्हतं. आम्ही सहाजणींनी त्याच लुगड्यांत घालून पुन्हा बारा गोधड्या शिवल्या. आत्यानं जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच दोरा नेला. म्हणाली, डोळ्याला सोपं जातं.

कॅम्पवाल्याकडे पोचवल्या तेव्हा त्यानं प्रत्येक गोधडी दाबून पाहिली. "मावशी, आता परत उसवायला येनार न्हाई ना?"

"आत काय आहे त्याची पावती आहे माझ्याकडे. देऊ?"

"ऱ्हाऊ द्या. दुसरं काम हाय." त्यानं आतून नव्या कोऱ्या चादरींचा गठ्ठा आणला. लॉन्ड्रीवाल्याचा भाड्याचा धंदा बंद झाल्यावर काठावरच्या सात कॅम्पवाल्यांनी मिळून स्वतःच्या चादरी घेतल्या होत्या. "ह्यावर नंबर घालायचेत. आन् दर सोमवारी मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. पगार देऊ."

"चोरी केलेल्या बाईला चादरी मोजायला ठेवणार?"

"तुमी छत्तीसच्या सदतीस हू दिल्या न्हाईत," तो म्हणाला. "आमाला तसलंच मानूस पायजे."

मी बाकी सहाजणांनाही माझं सगळं सांगून मगच काम घेतलं. एकजण नको म्हणाला. त्याच्या चादरी तो स्वतः मोजतो आणि दर महिन्याला दोन-तीन कमी भरतात म्हणून मला फोन करतो.

कोर्टातून पोलिसांकडचा मुद्देमाल परत मिळाला, त्यात ते छत्तीस कोपरे एका लखोट्यात शिक्का मारून होते. वकीलबाई म्हणाल्या, आठवण म्हणून ठेवा. जाड सूत होतं, वाया घालवायचं कशाला? दोन-दोन जोडून मी त्यांची अठरा फडकी केली. भाकरीचा गरम तवा उतरवायला चांगली पडतात.